रोग मागाहून, आधी कामाची पाळी : नवी जगं रचणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अद्भुतकथा, खेळ आणि चित्रकथांसाठी नवनवी जगं रचणारी सर्व मंडळी

विषय : तुमच्या जगातल्या कामगारांचा खोकला

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कथांमधले खाणकामगार तीनदा खोकतात, तिसऱ्या खोकल्याला रुमालावर रक्त दिसतं आणि चौथ्यांदा खोकायला ते उरत नाहीत. मग कुणीतरी म्हातारी सांगते की डोंगराला शाप आहे, आणि नायक शापाचं मूळ शोधायला निघतो. खाणीत पुढे काय झालं, काम थांबलं की चालू राहिलं, मेलेल्यांच्या जागी कोण आलं, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही.

धूळ, धूर आणि वाफा माणसाच्या शरीरात कशा शिरतात, हा आमचा रोजचा विषय. तुमचं लेखन आम्ही आवडीने वाचतो, म्हणूनच हा पत्रप्रपंच. ड्रॅगन उडतो कसा, असले प्रश्न आम्ही विचारणार नाही. पण त्याचे खवले घासून चकचकीत करणारा माणूस कुठे बसतो, कोरडं घासतो की ओलं, आणि जेवायला बसण्याआधी हात धुतो का, हे लेखकाला ठाऊक नसेल तर त्या माणसाचा आजार आम्हाला पटत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे : रोग आधी बनवू नका. आधी कामाची एक अख्खी पाळी बनवा. रोग त्या पाळीतून आपोआप निघतो.

शापाला आमची हरकत नाही. खऱ्या इतिहासात भुतं आधीपासून होतीच. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींत एक धातुक सापडायचं. चांदीच्या आशेने ते भाजावं, तर चांदी मिळायची नाही आणि वर विषारी धूर निघायचा. खाणकामगारांनी त्याचं खापर कोबोल्ड नावाच्या खोडकर पिशाच्चावर फोडलं. तो धूर आर्सेनिकचा होता. त्या धातुकातून पुढे जो नवा धातू निघाला त्याचं नाव मात्र पिशाच्चावरूनच पडलं : कोबाल्ट. निकेलचीही तीच कथा; तांबं देईल असं वाटायला लावून फसवणारं ते सैतानाचं तांबं.

गेओर्ग अग्रिकोला या जर्मन विद्वानाचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ १५५६ साली छापला गेला. त्यात खाणी सोडून देण्याची जी कारणं दिली आहेत त्यांत खाणीतली उग्र भुतं आहेत. त्याच ग्रंथात हवा आत ढकलणारे भाते आणि पंखे आकृत्यांसकट आहेत, धुळीपासून बचावासाठी तोंडावर सैलसर फडकं बांधण्याचा सल्ला आहे, आणि एक वाक्य असंही आहे की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या मुलखात सात-सात नवरे केलेल्या बायका आढळतात, कारण सातही नवरे क्षयाने गेले. लेखक एकच आणि पुस्तकही एकच. त्यातली भुतं आता कुणाच्या खिजगणतीत नाहीत, पण सात नवरे एकदा वाचले की विसरता येत नाहीत. तुम्हीही भूत खुशाल ठेवा. फक्त सात नवऱ्यांची बाई सोबत असू द्या.

पाळी बनवायची म्हणजे नेमकं काय करायचं? सगळ्यात आधी हाताची हालचाल बघायची. घड्याळाच्या तबकडीवर अंधारात चमकणारे आकडे रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींचं उदाहरण घ्या. काळ १९१७ च्या पुढचा. रंगात रेडियम होतं. आकडा बारीक, कुंचला मऊ केसांचा. चार-सहा आकडे काढले की त्याचं टोक फिसकटायचं. म्हणून टोक ओठांत धरायचं, वळवायचं, रंगात बुडवायचं, आकडा काढायचा, की पुन्हा ओठांत. टोक असं करायचं, हे कामावर शिकवलंच जायचं. रेडियम शरीरात कॅल्शियमची नक्कल करतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसलं आणि आधी दात, मग जबडे गेले. या सगळ्यात किरणोत्साराचा सिद्धान्त ही नंतरची गोष्ट. आजाराचं बीज ओठांत धरलेल्या कुंचल्यात आहे. मजुरी नगावर होती आणि कापडाने टोक करायला वेळ लागतो, हेही त्यातच आलं. तुमच्या जगात मंत्र लिहिणारे लेखनिक असतील, तर ते बोरूचं टोक कसं नीट करतात ते आधी ठरवा. शाईत काय होतं याचा विचार मग करा.

विष शरीरात शिरण्याच्या मुख्य वाटा तीन : नाक, तोंड आणि कातडी. कातडीची वाट लेखक हमखास विसरतात. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाबद्दल लिहिलं. काजळी कातडीच्या घड्यांत साचून राहायची. पोरं लहानपणी धुराड्यात शिरायची आणि रोग मोठेपणी दिसायचा. ही मधली वर्षं म्हणजे कथाकाराची खरी पुंजी आहे. जो कालच धुराड्यात शिरला आणि आज मेला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं. जो वीस वर्षांपूर्वी ते काम सोडून सुखाने सुतारकी करतोय, त्याच्याबद्दल असतं.

दुसरी चीज वेळापत्रक. कापसाची धूळ खाणाऱ्या गिरणी कामगारांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सैल पडते. जस्ताचा धूर घेणाऱ्या ओतकामगारांना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, शरीराला सवय होते. सुट्टीत सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्यांचं डोकं सोमवारी ठणकायचं. म्हणून काहीजण सुट्टीच्या दिवशीही टोपीच्या आतल्या पट्टीला थोडं नायट्रोग्लिसरीन चोळून ठेवायचे, म्हणजे सवय मोडायला नको. आता सांगा, तुमच्या किमयागाराच्या कारखान्यातला मजूर सणाच्या दिवशी घरात टोपी का काढत नाही, या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहतं की नाही?

नुसता उपदेश नको, म्हणून आम्ही एक आजार करूनच पाठवतो आहोत. तो पूर्ण काल्पनिक आहे. हवा तसा वापरा.

दगडाचं नाव तरंगा. तो वर पडतो. म्हणजे हातातून सुटला की जमिनीकडे येण्याऐवजी आभाळाकडे जातो. तो जमिनीत सापडतो कारण त्याच्या डोक्यावर कठीण खडकाचा थर आहे. नसता तर कधीच निघून गेला असता. जहाजाच्या पोटात, उंच मनोऱ्यांच्या कळसात त्याच्या लाद्या बसवतात. लादी कापायची तर धोंडा जाड तुळईखाली अडकवायचा आणि खालून वर करवत चालवायची. करवत्या खाली उकिडवा बसतो, मान वर. भुगा त्याच्या डोळ्यांत पडत नाही, वर जातो. साध्या दगडाच्या पाथरवटापेक्षा आपण सुखी, अशी त्याची समजूत.

भुगा छताला जाऊन चिकटतो. त्याला कारखान्यात ‘वरची’ म्हणतात. वरचीला भाव आहे, कारण ती रोगणात कालवून जहाजाच्या बुडाला लावली की जहाज हलकं होतं. म्हणून छताखाली माळा घातलेला असतो आणि त्यावर दहा-बारा वर्षांची पोरं पिसांच्या कुंच्याने वरची झाडून कातडी पिशवीत भरतात. पिशवी काट्याला उलटी लावतात; ती वर किती ओढते त्यावर मजुरी. ओढ जास्त तर पैसे जास्त. अर्थात पोरं कोपरे, वाशांच्या खाचा, आढ्याची पोकळी, सगळं खरवडून काढतात. जिथे धूळ सर्वांत बारीक तिथे ओढ सर्वांत कमी, पण खाच रिकामी दिसली नाही तर मुकादम पैसे कापतो.

आता धुळीचा हिशेब. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. फुफ्फुसाच्या अगदी तळाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात ते ५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. गारगोटीचा ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण २ मिलिमीटर खाली येतो. १ मायक्रॉनच्या कणाला ३ मीटर उतरायला दहाएक तास लागतात, आणि माणसांची ये-जा असलेल्या कारखान्यात तो उतरतच नाही. हे खऱ्या जगातलं गणित. तरंग्याला हेच उलटं लावा : जी धूळ डोळ्यांना दिसते ती झपाझप वर जाते, जी मारते ती वरही जात नाही आणि खालीही येत नाही. नाकापाशीच घोटाळते. म्हणजे छत काळं आहे आणि जमीन लख्ख, तेव्हा खालच्यांना धोका नाही, हा करवत्याचा समज साफ खोटा. फक्त त्याला वेळ जास्त लागतो. माळ्यावरचं पोर दोन-तीन वर्षांत धापायला लागतं, करवत्याला पंधरा वर्षं लागतात. सिलिकोसिस म्हणजे गारगोटीची (सिलिकाची) धूळ छातीत साचून होणारा खरा रोग; त्यातही हेच होतं. नेहमीच्या धुळीत दहा-वीस वर्षं लागणारा रोग अमेरिकेत हॉक्स नेस्ट इथे १९३० साली सुरू झालेल्या बोगद्यात वर्ष-दोन वर्षांत माणसं मारू लागला, कारण खडकात सिलिका भरपूर होती आणि छिद्रं कोरडी पाडली जात होती.

रोगाची चाल अशी. पहिले काही महिने उचक्या, ढेकर, घसा कोरडा. थुंकी वर जाते. हे गंमत म्हणून लिहीत नाही. हीच या रोगाची सर्वांत भरवशाची खूण आहे. निरोगी माणसाची थुंकी तस्तात पडते. वरची खाल्लेल्याची थुंकी काठावर थबकते, लोंबते तशी वर ताणली जाते आणि तुटून छताकडे जाते. दुसऱ्या वर्षापासून पोरं संध्याकाळी वाशाला गुडघे अडकवून अर्धी घटका उलटी लटकतात आणि खोकतात. खोकल्यातून करडा बेडका सुटतो, छाती मोकळी होते, रात्री झोप लागते. छातीतला कफ निघावा म्हणून रोग्याला डोकं खाली करून निजवण्याचा उपाय खऱ्या वैद्यकातही आहे. इथे फुफ्फुसाच्या शेंड्यात अडकलेली मोकळी धूळ उलटं होताच तिथून सुटते आणि खोकल्यासरशी तोंडाच्या वाटेने बाहेर येते, एवढाच फरक.

मग एक दिवस लटकून काही निघत नाही. सगळ्यांना वाटतं पोर बरं झालं. प्रत्यक्षात धूळ आता पेशींच्या आत गेलेली असते. शरीराच्या भक्षक पेशी कण गिळतात, कण पचत नाही, पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक फेरीला आसपास थोडा व्रण धरतो. त्यातून फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठी होतात. खऱ्या सिलिकोसिसच्या गाठीही वरच्या भागातच जास्त दिसतात, तेव्हा इथे तुम्हाला निसर्गाशी भांडावंसुद्धा लागत नाही. यानंतर काम सोडलं तरी रोग पुढे सरकत राहतो. तेव्हा मुलाला माळ्यावरून उतरवायचा दिवस तो धापायला लागतो तो नव्हे. लटकून आराम पडेनासा होतो तो. आणि त्या दिवशी तर घरात साखर वाटतात.

रोगाला नावं तीन. कामगार म्हणतात ‘वरओढ’. वैद्य म्हणतात ‘ऊर्ध्वरज’. मालक म्हणतात ‘माळ्याची सर्दी’. तुम्ही एकच नाव देता तिथे आम्हाला चुकल्यासारखं वाटतं. सर्दीला भरपाई नसते, म्हणून ते नाव.

आता तपासणी. कारागिरांच्या संघाने ओरड केली तर मालक काय करील? तो काटा आणील. तर्क अगदी बिनतोड दिसतो : अंगात वर पडणारा दगड साठला असेल तर माणूस हलका भरायला हवा. सगळ्यांना वर्षाच्या सुरुवातीला तोलायचं, वर्षाच्या शेवटी तोलायचं, वजन तेवढंच भरलं तर रोग नाही. आता गुंजा मोजा. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. माणसाच्या छातीत वर्षाला गुंजभर ओढीची धूळ साठते असं धरू. वीस वर्षांच्या २० गुंजा. एवढ्यात माणूस संपतो. आणि पाण्याचा एक मोठा घोट दोन तोळ्यांचा, म्हणजे १९२ गुंजा. वीस वर्षांचं मरण काट्यावर एका घोटाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं भरतं. काटा खरा, तोलणारा प्रामाणिक, नोंदवही चोख, आणि निष्कर्ष धादांत खोटा. व्यवसायजन्य आजारांच्या कथेत खलनायक हवाच असेल तर हा काटा घ्या. विष घालणारा दुष्ट सरदार त्याच्यापुढे फिका आहे.

दुसरी युक्ती हजेरीपटाची. जे आज कामावर आहेत त्यांनाच तपासायचं. ज्यांना जिना चढवत नाही ते केव्हाच काम सोडून गेले, त्यामुळे पटावर उरलेले सगळे ठणठणीत. ही फसगत मुद्दाम केलीच पाहिजे असंही नाही, अभ्यासू माणसांकडूनही होते. निरोगी कामगाराचा आभास म्हणून ती आमच्या शास्त्रात ओळखली जाते.

उपाय करायला जाल तर तिथेही तुमचं जग बोलू लागेल. साध्या दगडाला पाणी मारलं की धूळ बसते. तरंग्यावर पाणी शिंपडलं तर काय होईल? वर जाणाऱ्या कणाला पाण्याचं वजन मिळालं, दोन्ही ओढी सारख्या झाल्या, आणि जो मोठा कण निदान छताला तरी गेला असता तोसुद्धा तोंडापाशी लटकला. थोडं पाणी कोरड्यापेक्षा वाईट. पाणी वापरायचंच तर धोंडा साखळीने बांधून अख्खा हौदात बुडवावा लागेल. भुगा पृष्ठभागावर येईल. तो दुधावरची साय काढावी तसा झाऱ्याने ओला असतानाच काढायचा. हौदाच्या काठाला जो थर राहील तो रात्रीतून वाळतो. सकाळी पहिल्या पाळीचा माणूस दार उघडतो, झोत येतो, आणि तो थर उडतो. काठ रात्रीच ओल्या फडक्याने पुसला नाही तर हौद बांधण्याचा सगळा खर्च वाया.

फडकं तोंडाला बांधणं म्हणाल, तर आपल्याकडे मुखपट्टी नाकाच्या दोन्ही बाजूंनी गळते. तिथे ती हनुवटीखालून गळेल, कारण धूळ खालून वर शिरते. दाढी ठेवणाऱ्या जमातीचे करवत्ये लवकर आजारी पडतील आणि शहाणे लोक त्याला त्यांच्या देवाचा कोप म्हणतील.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे करवतीच्या डोक्यावर उलटं नरसाळं आणि वर धुराडं. खऱ्या जगात धूळ ओढून घ्यायला पंखा लागतो, इथे मोठी धूळ स्वतःहून चढते. बारीक धुळीला ओढ हवी. त्यासाठी धुराड्याच्या बगलेत छोटी भट्टी पेटवली की गरम हवा वर जाते आणि खालची हवा तिच्यामागे येते. खाणींना हवा देण्यासाठी आग वापरणं हा जुनाच प्रकार आहे. पण वरची आभाळात सोडून द्यायची? मालक म्हणेल, माझा माल उडून चालला. म्हणून धुराड्याच्या तोंडाला जाड विणीची पिशवी. विण सैल तर बारीक धूळ निसटते, घट्ट तर पिशवी तुंबते, ओढ मंदावते आणि धूर मागे फिरतो. भरलेली पिशवी धुराड्याला वर उपसू लागते. पाळीतून दोनदा उतरवली नाही तर गळ्याशी सांधा फाटतो आणि दिवसभराची सगळी धूळ एका दमात माळ्यावर येते. उतरवली तर ती रिकामी कुणीतरी करायची, उलटी करून झटकायची. धूळ गोळा करणाऱ्या यंत्रातला सर्वांत घातक क्षण हाच असतो, आपल्या जगातही. माळ्यावरची पोरं गेली, पण झटकणारा एक नवा माणूस निर्माण झाला. मुकादमाला विचारलं तर तो म्हणेल, ते काम कुणाचंच नाही, जो मोकळा असेल तो करतो.

आता तुमच्या जादूकडे येतो. प्रश्न हमखास असतो : जखमा भरणारा मंत्र असताना कारखान्यात कुणी मरेलच कसं? आमच्या मते तुमच्या हातातली सर्वांत मोठी संधी हीच, आणि तीच तुम्ही दवडता. फुफ्फुसातला व्रण ही न भरलेली जखम नव्हे. ती जरुरीपेक्षा जास्त भरलेली जखम आहे. कण आत तसाच आहे, शरीर त्याच्याभोवती डागडुजीवर डागडुजी करतं आहे, आणि त्या डागडुजीनेच श्वासाची जागा बुजते आहे. अशा माणसावर जखम भरणारा मंत्र टाकला तर काय होईल? चार दिवस बरं वाटेल, खोकला थांबेल, आणि दहा वर्षांत व्हायचा व्रण एका ऋतूत होईल. म्हणजे ज्या कारखान्याच्या मालकाने उदार मनाने मांत्रिक नेमला, तिथे लोक जास्त लवकर मरतात. मालक मनापासून गोंधळेल. मांत्रिकाला बरं वाटलेले चार दिवस दिसतात, पुढचा ऋतू दिसत नाही, कारण तोवर रोगी गावी गेलेला असतो.

मांत्रिकाने एक साधा प्रश्न विचारला असता तर कदाचित हे टळलं असतं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा इटालियन वैद्य. कारागिरांच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक १७०० सालचं. रोग्याला विचारायचे जे प्रश्न प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसने सांगितले होते त्यांत त्याने एकाची भर घातली : तू काम काय करतोस? त्याच्या घराचा मैलाखड्डा उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने घाई करत होता. रामाझ्झिनीने कारण विचारलं, तर तो म्हणाला, चार तासांपेक्षा जास्त इथे थांबलो तर आंधळा होईन. काम संपल्यावर तो घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसायचा आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचा. मापाचं एकही साधन नसलेल्या माणसाने स्वतःची सुरक्षित मात्रा तासांत मोजून ठेवली होती. तुमच्या जगातल्या कामगारांनाही एवढं कळू द्या. लटकणारी पोरं ते जाणतातच.

आणि उपाय सापडला की तो केला जातो, असं कृपा करून धरून चालू नका. पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या बनवणाऱ्यांचे जबडे कुजायचे. बिनधोक तांबडा फॉस्फरस १८४० च्या दशकात सापडला होता आणि त्याच्या काड्याही पुढच्या दशकात बाजारात होत्या. लंडनमधल्या काडीकामगार मुलींचा संप १८८८ सालचा, आणि पांढरा फॉस्फरस वर्ज्य करण्याचा बर्नचा आंतरराष्ट्रीय करार १९०६ सालचा. अर्धशतक. त्याच १९०६ साली ब्रिटनमधल्या भरपाईच्या कायद्यात आजारांची पहिली यादी आली. ती सहांची होती : काळपुळी, शिसं, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक आणि आतड्यातले अंकुशकृमी. दगडाच्या धुळीचा रोग त्या सहांत नव्हता, सात नवऱ्यांच्या बाईला साडेतीनशे वर्षं होऊनही. तेव्हा तुमच्या राज्यात वरओढ यादीत आहे का, आणि नसेल तर यादी कोण करतो, हे एका ओळीत तरी कुठेतरी येऊ द्या.

बाकी मसाला हवा तेवढा आहे. अग्निमांत्रिकांना पन्नाशीत मोतीबिंदू द्या, काचभट्टीवर वर्षानुवर्षं निखाऱ्याकडे बघणाऱ्यांना होतो तसा. दिवसभर थरथरणारी छडी धरणाऱ्याची बोटं थंडीत टोकापासून पांढरीफटक पडू द्या. अमेरिकन वैद्य ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली अमेरिकेतल्या चुनखडकाच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारे हातोडे धरणाऱ्यांची बोटं अशीच पाहिली होती. पाताळातून शिखरावर क्षणात पोचवणारं दार असेल तर त्यातून जाणाऱ्या हमालांच्या सांध्यांत, हवेचा दाब एकदम उतरल्याने, नायट्रोजनचे बुडबुडे होतील. फ्रेंच शास्त्रज्ञ पोल बेर यांनी हे कारण १८७८ सालीच दाखवलं, आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं १९०८ साली आली. दाराच्या मधे थांबायच्या खोल्या बांधा. मुकादम हमालांना त्यांत पुरेसा वेळ थांबू देणार नाहीच.

पण हे सगळं एकदम घालू नका. एकच काम घ्या, त्याची सकाळपासून संध्याकाळपर्यंतची पाळी लिहून काढा, पुस्तकात ती पानभरसुद्धा आली नाही तरी चालेल. हात कुठे जातो, तोंड कुठे उघडतं, धूळ कुठे बसते, मजुरी कशावर मोजतात, कपडे कोण झटकतं. आणि धुराडं बसवलंत तर पिशवी कोण रिकामी करतो ते नावानिशी ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
धुळीचा हिशेब ठेवणारे काही वाचक

ता. क. : चित्रकारालाही निरोप द्या. माळ्यावरच्या पोरांच्या पिकदाणीला झाकण असतं, आणि पिकदाणी छताला, तोंड खाली करून टांगलेली असते.